थायरॉईड, प्रतिकारशक्ती आणि रोजची गोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला हाशिमोटोचा आजार आहे हे कळून १७ वर्षं झाली. धाकट्या बहिणीला ग्रेव्हजचा आजार. एकाच घरात एकीची ग्रंथी मंदावलेली, दुसरीची उधळलेली. त्यामुळे ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय अशी माणसं आमच्याकडे प्रश्न घेऊन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांना दिलेली उत्तरं इथं लिहून काढली आहेत. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. आजार समजून घ्यायला हे उपयोगी पडावं, गोळी किती घ्यायची ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

ऑटोइम्यून थायरॉईड म्हणजे साध्या थायरॉईडपेक्षा वेगळं काही असतं का?

"थायरॉईड झालाय" असं आपण सर्रास म्हणतो, पण थायरॉईड हे आजाराचं नाव नाही, अवयवाचं आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी प्रत्येकाला असते. वजन जेमतेम २० ग्रॅम. ती टी४ आणि टी३ ही हार्मोन्स तयार करते आणि शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या कामाचा वेग त्यांच्यावरून ठरवते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, पाळी, अगदी शब्द सुचायला लागणारा वेळसुद्धा.

ऑटोइम्यून म्हणजे मुळातला बिघाड प्रतिकारशक्तीत असतो. जंतूंशी लढणारी ही यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परकं समजायला लागते. हाशिमोटोत ती ग्रंथीच्या पेशी वर्षानुवर्षं, हळूहळू नष्ट करत जाते आणि हार्मोन कमी पडायला लागतं. ग्रेव्हजमध्ये ती अशी अँटीबॉडी (एरवी जंतूंना ओळखून चिकटणारं प्रथिन) तयार करते, जी ग्रंथीला "अजून बनव, अजून बनव" असा खोटा हुकूम देत राहते. जिथं आहारातून पुरेसं आयोडीन मिळतं, तिथं ग्रंथी मंदावण्याचं सगळ्यात मोठं कारण हाशिमोटोच आहे. म्हणजे ज्याला आपण साधा थायरॉईड म्हणतो तो बऱ्याचदा हाच असतो, फक्त कुणी तसं सांगितलेलं नसतं.

रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलाय. म्हणजे माझा थायरॉईड वाढलाय ना?

नाही, उलट आहे. हा घोळ इतक्या वेळा होतो की "माझा थायरॉईड वाढलाय" असं कुणी म्हणालं की मी आधी रिपोर्ट बघायला मागते.

टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिच्युटरी ग्रंथी असते, तिनं थायरॉईडला मारलेली ती हाक आहे. थायरॉईड काम करेनाशी झाली की पिच्युटरी आवाज चढवते, आणि रिपोर्टमधला आकडा वाढतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईडचं काम कमी. ग्रेव्हजमध्ये हार्मोन ओसंडून वाहत असतं, हाक मारायची गरजच उरत नाही, म्हणून टीएसएच शून्याच्या जवळ पोहोचतो. बहुतेक लॅब मोठ्या माणसांसाठी साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा देतात. तुमच्या रिपोर्टवर जी छापली असेल तीच तुमची.

मलाच का झालं? माझं काही चुकलं का?

काहीही चुकलेलं नाही. हे मी मनापासून सांगते, कारण पहिल्या सहा महिन्यांत मी स्वतःला फार दोष दिला होता: जागरणं केली, ताण घेतला, वेळेवर जेवले नाही.

हा कल बराचसा जन्मासोबतच येतो. तो जागा व्हायला काहीतरी निमित्त होतं: बाळंतपण, आयोडीनचा अतिरेक, लिथियम किंवा अमियोडॅरोनसारखी काही औषधं. ग्रेव्हजच्या बाबतीत धूम्रपानही. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी पटीनं जास्त होतो. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदानं ज्या चार रुग्णांच्या ग्रंथींचं वर्णन केलं, त्या चौघीही बायकाच होत्या. त्या ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी का झाली आहे, याचं उत्तर मिळायला १९५६ साल उजाडलं. त्या वर्षी रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. शरीर स्वतःवरच उलटू शकतं हे तोवर अनेक जाणकारांनाही पटत नव्हतं.

लक्षणं कशी ओळखायची?

यादी कुठंही मिळेल: थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीत जास्त रक्तस्राव, वजन वाढणं, उदास वाटणं. अडचण अशी की यातल्या प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे एक कारण तयार असतं. थकवा? काम जास्त झालंय. केस? पाणी बदललं.

माझं काय झालं ते सांगते. फोनवर "हॅलो" म्हटलं की समोरून विचारायचे, "झोपली होतीस का?" दुपारचे बारा वाजलेले असायचे. आवाज घोगरा झाला होता आणि मला पत्ताच नव्हता. बोटातली अंगठी साबण लावल्याशिवाय निघेना. भुवयांच्या बाहेरच्या टोकांचे केस विरळ झाले. सगळे उकडतंय म्हणत असताना मी स्वेटर घालून बसायचे. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे बोलता बोलता साधा शब्द हरवायचा, "चमचा" म्हणायचं असायचं आणि तोंडाशी काही यायचंच नाही. हे सगळं दोन वर्षांत इतकं सावकाश झालं की मी त्यालाच माझा स्वभाव समजायला लागले होते.

हाशिमोटोच्या सुरुवातीला काहींची तब्येत उलट दिशेनंही जाते. ग्रंथीच्या पेशी फुटतात, साठवलेलं हार्मोन एकदम रक्तात येतं, आणि काही आठवडे धडधड, घाम, बेचैनी असा प्रकार होतो. मग ते ओसरतं आणि मंदपणा येतो.

अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहे, पण टीएसएच नॉर्मल. गोळी घ्यायची का?

सहसा नाही. अँटी टीपीओ ही थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी वाढलेली असणं म्हणजे प्रतिकारशक्तीचं लक्ष थायरॉईडकडे गेलंय, एवढंच. अशी माणसं भरपूर असतात आणि त्यातल्या अनेकांना आयुष्यभर गोळी लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच बघायचा, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

टीएसएच थोडा वाढलेला आणि अँटीबॉडीही पॉझिटिव्ह, असं दोन्ही असेल तर मात्र लक्ष ठेवावं लागतं. अशांपैकी दर वर्षी साधारण ४ टक्के लोकांची ग्रंथी पुरती मंदावते. टीएसएच १० च्या वर गेला की बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. त्याखाली असेल तर वय, लक्षणं, हृदयाची स्थिती, गरोदरपण बघून ठरवतात. अँटीबॉडीचा आकडा दर तीन महिन्यांनी मोजून घेणारे लोक मी पाहिले आहेत. तो ६०० चा ४०० झाला तरी उपचार बदलत नाहीत. ते पैसे आणि ती धाकधूक वाचवा.

गोळी कायमची का? सवय लागते का?

सवय लागत नाही. थायरॉक्सिनची गोळी म्हणजे तुमची ग्रंथी जे टी४ बनवायची तेच, बाहेरून. चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही.

१८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचला. ग्रंथी पूर्ण निकामी झालेली ती बाई त्या उपचारांवर पुढं २८ वर्षं जगली. त्याआधी अशा रुग्णांसाठी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. रोज सकाळी ती इवलीशी गोळी तळहातावर घेताना मला ती बाई आठवते.

काहींची गोळी बंद होऊ शकते, विशेषतः बाळंतपणानंतरच्या थायरॉईडच्या सुजेत. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच थांबवू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

गोळी नेमकी कशी घ्यायची?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण "गोळी लागू पडत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या जणींची तक्रार इथंच सुटते.

सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. चहा नाही, दूध नाही, आणि कॉफी तर नाहीच. कॉफीमुळे गोळी आतड्यातून शोषली जाणं कमी होतं हे तपासून पाहिलेलं आहे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवा. बायकांना या तिन्ही गोळ्या एकदमच लिहून दिलेल्या असतात आणि त्या एका घोटात गिळून मोकळ्या होतात. मग थायरॉक्सिन कॅल्शियमला चिकटून तसंच बाहेर जातं. आम्लपित्ताची औषधं रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

सकाळ जमतच नसेल, रात्रपाळी असेल, तर रात्री झोपताना घेता येते, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी. मुख्य म्हणजे रोज एकाच पद्धतीनं घ्या.

गोळी तिच्या मूळ पाकिटातच, ओलावा आणि उष्णतेपासून दूर ठेवा. शेगडीजवळच्या फडताळात नको. एका कंपनीची गोळी चालू असताना दुसरी आणली तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघून घ्या. आणि गोळीची मात्रा मायक्रोग्रामात असते, म्हणून २५ आणि ७५ मधला फरक छोटा वाटला तरी शरीराला तो मोठा असतो. शेजारणीची मात्रा विचारू नका. ग्रंथी पूर्ण बंद असेल तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्राम असा हिशेब असतो, पण वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांना अगदी कमी मात्रेपासून, सावकाश वाढवत नेतात.

एखाद्या दिवशी विसरले तर?

घाबरू नका. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्याच दिवशी आठवलं तर पोट रिकामं असताना घ्या. वारंवार विसरत असाल तर पाकीट रोज नजरेस पडेल अशा कोरड्या जागी ठेवा. मी टूथब्रशशेजारी ठेवते.

फरक कधी पडेल?

याच सात दिवसांमुळे सगळं सावकाश होतं. मात्रा बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच ते सहा आठवडे लागतात, म्हणून तपासणीही सहा ते आठ आठवड्यांनी. दहाव्या दिवशी रक्त दिलंत तर मिळणारा आकडा अर्धवट वाटेवरचा असेल. झोप आणि बद्धकोष्ठ आधी सुधारतं, केस सगळ्यात शेवटी, कित्येक महिन्यांनी.

रक्त देताना काय काळजी घ्यावी?

दर वेळी साधारण त्याच वेळी, सकाळी द्या. टीएसएच दिवसभरात खालीवर होतो. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. आणि केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर किमान दोन दिवस आधी बंद करा. बायोटिन तब्येतीला त्रास देत नाही, पण अनेक यंत्रांचं मोजमाप चुकवतं, इतकं की ठणठणीत माणसाचा रिपोर्ट ग्रेव्हजसारखा दिसू शकतो.

रिपोर्ट नॉर्मल आला, तरी थकवा जात नाही. आता?

हे सांगणाऱ्या बाईला दोन उत्तरं मिळतात आणि दोन्हींनी मला राग येतो. एक: "रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे तुमच्या मनाचे खेळ आहेत." दुसरं: "रिपोर्टवर जाऊ नका, सगळं थायरॉईडचंच आहे," आणि मग मात्रा वाढवत नेणं. पहिल्या उत्तरात तिचं म्हणणं कुणी ऐकतच नाही, दुसऱ्यात खरं कारण शोधायचं राहून जातं.

थकवा खरा आहे असं धरून चला आणि शोध घ्या. आधी गोळी नीट शोषली जातेय का ते बघा, म्हणजे वरचं कॅल्शियम आणि चहाचं गणित. टीएसएच नॉर्मलच्या मर्यादेत असला तरी नेमका कुठं आहे ते डॉक्टरांशी बोला. मग थायरॉईडच्या पलीकडे. मला वर्षभर छळलेला थकवा लोह कमी असल्याचा निघाला. जास्त रक्तस्राव मंद थायरॉईडमुळे व्हायचा, आणि थायरॉईड सुधारला तरी लोहाचा खड्डा भरला नव्हता. ऑटोइम्यून आजार एकमेकांच्या सोबतीनं येतात, त्यामुळे बी१२ न शोषलं जाणं, सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), टाइप १ मधुमेह यांची शक्यता आपल्यात थोडी जास्त असते. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, रजोनिवृत्ती, नैराश्य हेही विचारात घ्या. नैराश्यावर उपचार घेणं म्हणजे आजार मनाचा होता अशी कबुली नव्हे.

एक गोष्ट दुर्मीळ आहे पण माहीत असू द्या. गोळी सुरू केल्यावर कुणाला उलट जास्तच अशक्त वाटायला लागलं, रक्तदाब उतरला, उलट्या होऊ लागल्या, त्वचा काळवंडतेय असं दिसलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. अ‍ॅड्रिनल ग्रंथीही (मूत्रपिंडावर बसलेली, ताणाची हार्मोन्स बनवणारी) मंदावलेली असेल तर आधी तिचा उपचार करावा लागतो, नाहीतर थायरॉक्सिन धोक्याचं ठरतं.

टी४ सोबत टी३ ची गोळी घ्यावी का, असंही विचारतात. अभ्यासांमध्ये बहुतेकांना त्याचा स्पष्ट फायदा दिसलेला नाही. बाकी सगळं तपासून झाल्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करून बघायची ती गोष्ट आहे.

वजन उतरेल का?

थोडं. मंद थायरॉईडमुळे वाढलेलं वजन सहसा दोन ते पाच किलोच्या आसपास असतं आणि त्यात बरंचसं पाणी आणि मीठ. वीस किलो वाढलं असेल तर सगळा दोष थायरॉईडला देता येणार नाही. वजन उतरवण्यासाठी गोळी वाढवणं तर अजिबात करू नका. जास्तीचं हार्मोन हाडं पोखरतं आणि हृदयाची लय बिघडवतं.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन, गहू बंद करू?

शिजवलेला कोबी आणि फ्लॉवर बिनधास्त खा. सोयाबीन खायला हरकत नाही, गोळीच्या वेळेपासून लांब. गहू फक्त सीलिअ‍ॅक असेल तरच सोडायचा, आणि त्याची रक्ततपासणी गहू सोडण्याआधी करायची, नंतर केली तर ती खोटी नॉर्मल येते. समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या जादा गोळ्या हाशिमोटोत नुकसान करू शकतात. सेलेनियमनं अँटीबॉडी कमी होतात, पण त्यामुळे गोळी सुटते किंवा तब्येत सुधारते असं सिद्ध झालेलं नाही.

बाळाचा विचार आहे. काय करू?

आधी टीएसएच तपासा, नंतर नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड तयार होत असते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. म्हणून गोळी चालू असलेल्या बहुतेक बायकांची गरज गरोदरपणात २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि तीही अगदी पहिल्या आठवड्यांपासून. चाचणी पॉझिटिव्ह आली की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्यानंतर निम्मे दिवस होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी. "गरोदरपणात औषधं नकोत" म्हणून कुणी ही गोळी बंद करायला सांगितलं, मग ते घरचं कितीही मोठं माणूस असो, ऐकू नका.

बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात धडधड, चिडचिड किंवा खोल थकवा आला, तर "बाळ लहान आहे, होतंच असं" म्हणून सोडून देऊ नका. टीएसएच बघा.

ग्रेव्हजमध्ये काय वेगळं?

जवळजवळ सगळं. माझी बहीण भरपेट जेवायची आणि वाळत चालली होती. एक जिना चढली की छाती धडधडायची. मला कळलं ते तिच्या हातातल्या कपामुळे: बशीवर ठेवताना तो किणकिणत होता, प्रत्येक वेळी.

तिला कार्बिमॅझोल हे ग्रंथीचं हार्मोन बनवणं रोखणारं औषध दिलं, आणि धडधडीसाठी काही आठवडे प्रोप्रॅनोलॉल. ही औषधं साधारण १२ ते १८ महिने देतात. त्यानंतर निम्म्यांच्या आसपास लोकांचा आजार शांत होतो, बाकीच्यांचा परत येतो. मग किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग असतात आणि त्यानंतर बहुधा माझ्यासारखी थायरॉक्सिनची गोळी लागते.

कार्बिमॅझोल घेणाऱ्यांनी एक वाक्य पाठ करावं: ताप आला किंवा घसा दुखला, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. क्वचित त्या एकदम घसरतात आणि तेव्हा साधा संसर्गही जिवावर बेततो. गरोदर राहायचं असेल तर तेही आधी सांगा, औषध बदलावं लागतं.

डोळे खुपणं, पुढं येणं, एकाची दोन दिसणं हा ग्रेव्हजचाच भाग आहे. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो जास्त होतो आणि जास्त बिघडतो. रंग फिके दिसू लागले किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मुलांना होईल का?

शक्यता थोडी जास्त, खात्री मुळीच नाही. उंची वाढायची थांबली, अभ्यासात अचानक मागे पडलं, तर तपासा. उगाच दर वर्षी सुया टोचू नका.

गळ्याला सूज आहे. कॅन्सर असेल का?

हाशिमोटो आणि ग्रेव्हज दोन्हींत ग्रंथी सुजते, बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. पण गाठ भराभर वाढली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर सोनोग्राफीला उशीर करू नका.

घरच्यांनी काय करावं?

"आळशी" हा शब्द बोलायचा नाही. निदान व्हायच्या आधी मी तो खूप ऐकला आणि खराही मानला. डॉक्टरांकडे सोबत जा, कारण मेंदू मंदावलेला असताना तिथं सांगितलेलं निम्मं लक्षात राहत नाही. काय बदललंय ते तुम्हीही सांगा. आवाज बदलल्याचं मला नाही, आईला कळलं होतं.

पहिलं वर्षभर आई रोज पहाटे माझ्या उशाशी गोळी आणि पाण्याचा पेला ठेवून जायची, काही न बोलता. मी गोळी घेऊन पुन्हा पडायचे. चहा ती बरोबर एका तासानं आणायची.